पायदान कापलेली जीप

यवतमाळच्या त्या दुकानात बसले होते, तेवढ्या वेळात मला माणसांचा पुरता वीट आला. गाड्या सजवायचं दुकान. भिंतीवर दिवे, जाळ्या, बंपर आणि जीपच्या छतावर लावायचे रॅक टांगलेले. माझा धाकटा भाऊ त्यांच्यापुढून हलेना. लग्नाची मुलगी पाहायलाही तो इतका वेळ थांबला नव्हता.

जीप जुनी, पण धड होती. आमच्या मायला दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीला न्यायचं म्हणून त्यानं ती घेतली होती. निदान सांगितलं तरी तसंच होतं. माय दरवर्षी जायची. मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ती पहिल्यांदाच घरी राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणून जीप दारात आली, तेव्हा तिनं बाभुळगावात घरोघरी सांगितलं, "औंदा माहा लेक मले नेते."

आधीच्या मालकानं जीपवर पाइप वेल्ड करून कॅरिअर बसवलं होतं, चारी बाजूंनी कठड्याचं. अंथरुणं, भाकरी, येताना घ्यायची पुस्तकं, सगळं त्यात मावलं असतं. दाराखाली रुंद लोखंडी पायदानही होतं. भावाला हे सगळं गावंढळ वाटलं. त्यानं निवडला तो रॅक काळा, सपाट, पोळपाटासारखा. पुढे दिव्यांची पट्टी. कठडा नाहीच.

"याच्यावर गाठोडं कसं राहीन?" मी विचारलं.

दुकानदारानं माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "मॅडम, हे लुकसाठी हाय. रस्सी बांधसान तं कोटिंग खरचटते."

"मंग छतावर लावाचं कायले?"

"ताई, तुले नाही समजत," भाऊ म्हणाला. "जंगलात चालते हे."

त्यानं जंगल पाहिलंय ते मोबाइलवर. रोजची त्याची धाव पेट्रोल पंपापर्यंत. पण मोठे टायर आले, ते मावावेत म्हणून गाडी वर उचलली आणि आडवं येतं म्हणून पायदान कापून टाकलं. वर फावडं अडकवायच्या क्लिपाही घेतल्या. ज्यानं वावरात कधी फावडं धरलं नाही, त्याच्या गाडीवर आता चकचकीत फावडं. मला शिसारी आली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला लाज तरी असावी.

"माय कशी चढीन?" मी विचारलं.

"स्टूल ठेवू ना." त्याचं लक्ष दिव्यांकडे होतं.

दसऱ्याच्या सकाळी माय पांढरं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन दारात आली. स्टूल ठेवलं. ती त्यावर कशीबशी उभी राहिली, पण गुडघा वाकेना. भावाच्या दोन दोस्तांनी तिच्या बगलेत हात घातले. तिसरा मागून रेटायला आला. त्याचा हात लागला तशी ती म्हणाली, "सोडा मले." आवाज चढवला नाही. पदर सारखा केला आणि खाली उतरली.

"तिचं गाठोडं तरी वर बांधून ने," मी भावाला म्हटलं.

"वर नको, ताई. खरचटते."

वस्तीतल्या बायांचा मॅटाडोर निघतच होता. मागे चढायला फळी लावलेली होती. बायांनी सरकून जागा केली, मायला मधोमध बसवलं. मीही तिच्या पायाशी बसले. गुडघ्याला गुडघा लागलेला. कळंबच्या अलीकडे जीप आम्हाला मागे टाकून गेली. भर उन्हात दिवे लावलेले, आत चार दोस्त, वर रिकामा रॅक. मला थुंकावंसं वाटलं, पण त्या दाटीत थुंकायलाही जागा नव्हती.

"हळू चालव म्हनाव त्याले," माय म्हणाली.

नागपुरात गाड्या लांबच्या मैदानात थांबवल्या होत्या. माय माझ्या खांद्याला धरून चालली आणि वंदन करून आली. परतलो तर भाऊ वाट पाहत उभा. "माय, एक फोटो." त्यानं तिला जीपच्या चाकाजवळ उभं केलं. हातातलं गाठोडं बाजूला ठेवायला लावलं. आम्ही मॅटाडोरमध्ये चढेपर्यंत त्याच्या स्टेटसवर फोटो लागलाही होता. खाली लिहिलं होतं, 'मायले घेऊन दीक्षाभूमी.'

दुसऱ्या दिवशी त्याच मॅटाडोरमधल्या बाया आमच्या अंगणात जमल्या. भाऊ आतच होता. सगळ्यांसमोर त्याला बाहेर बोलवायचं आणि त्याची खरडपट्टी काढायची, असं मी ठरवूनच बसले होते. तेवढ्यात मायनं माझा फोन मागितला. तो फोटो उघडायला लावला आणि फोन एकेकीच्या हातात दिला.

"लेकानं नेलतं मले," ती म्हणाली.

बाया फोटो पाहत राहिल्या. तिच्या गुडघ्याला गुडघा लावून नागपूरला गेलेल्या त्या बाया. मग शेजारीण फोन परत देत म्हणाली, "मोठी गाडी हाय व बाई."

मी चहा ठेवायला आत गेले.