चौघांचं एकच उत्तर

वायूंचा समतोल शिकवल्यापासून आमच्या घरात मला कोणी काही विचारत नाही. रिमोटमध्ये सेल कोणत्या बाजूने घालायचा, हेसुद्धा नाही!

सायली, माझी अकरावीतली मुलगी, गंगापूर रोडवरच्या एका क्लासला जाते. तिथे केमिस्ट्रीची परीक्षा होणार होती. तीत वर येतील त्यांना सर स्वतः शिकवणार. उरलेल्यांना गेल्या वर्षी पास झालेली पोरं. सायलीचं जेवणावरून लक्ष उडालं. धडा होता वायूंचा समतोल. म्हणजे बंद भांड्यात वायू एकमेकांशी झटापट करून शेवटी कोण किती उरतो ते काढायचं, आणि त्यावरून समतोलाचा स्थिरांक.

"एवढंच?" मी म्हणालो. (मी केमिस्ट्रीत बीएस्सी आहे. पोटासाठी द्राक्षबागांना ठिबकच्या नळ्या विकतो, पण आतून बीएस्सी आहे.)

"अहो, तिला मोबाइलवर बघू दे," बायको म्हणाली.

"घरात विहीर असताना टँकर मागवायचा?"

"विहिरीत पाणी आहे का ते बघा आधी."

मी बसलोच. हायड्रोजन आणि आयोडीन. दोन लिटरच्या भांड्यात दोघांचा एकेक मोल घातला, एक पॉइंट सहा मोल हायड्रोजन आयोडाइड तयार झालं. सायलीने प्रत्येक आकड्याला दोनने भागायला सुरुवात केली.

"हे काय करतेस?"

"कॉन्सन्ट्रेशन काढतेय, पप्पा. मोल भागिले लिटर."

"कशाला? मोल उचल, सूत्रात टाक!"

तिने टाकले. उत्तर चौसष्ट. पुस्तकात मागे बघितलं, चौसष्ट! दुसरं गणित जुळलं, तिसरंही जुळलं. (तिन्ही हायड्रोजन-आयोडीनचीच होती, पण विजयाच्या क्षणी इतकं कोण बघतं!)

"मग भांडं दोन लिटरचं आहे, हे कशाला सांगितलंय?"

"तुम्हाला फसवायला!" मी टाळी मागितली. तिने दिली. तेव्हा विश्वास होता तिचा.

इथे थांबलो असतो तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण मी जिन्यात अहिरेंना गाठलं. समोरच्या फ्लॅटमधले अहिरे मूळचे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. त्यांचा तेजस त्याच क्लासला. "पाठवून द्या पोराला, निम्म्या वेळात गणित!" तेजस आला आणि येताना खालच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणींना घेऊन आला. चौघं सतरंजीवर, मी उभा. घोषणाही दिली मी त्यांना.

"लिटर?"

"विसरा!" चौघं ओरडत.

"दूधवाल्याच्या कानावर जाऊ देऊ नका हे," बायको आतून म्हणाली.

परीक्षेत ना हायड्रोजन आला, ना आयोडीन. आला नायट्रोजनचा एक वायू, ज्याचा एक रेणू फुटून दोन होतात. दोन लिटरचं भांडं, एक मोल वायू, त्यातला निम्मा फुटला. स्थिरांक काढा. बरोबर उत्तर एक. आमच्या चौघांनी लिहिलं दोन. त्याच ओळी, तेच आकडे, खाली माझ्यासारखीच दुहेरी रेघ! (हायड्रोजन-आयोडीनमध्ये दोन रेणूंचे दोनच होतात, म्हणून लिटर वर-खाली कटून जातात. इथे एकाचे दोन होतात, म्हणून कटत नाहीत. बीएस्सीत हे शिकवलं असणार. मी त्या दिवशी गेलो नसणार.)

सरांनी निदान केलं: कॉपी! चौघांनाही क्लासमधून काढणार. पालकांना बोलावणं आलं.

"हाई काय शे, भाऊ?" क्लासच्या दारातच अहिरेंनी मला अडवून अहिराणीत जाब विचारला. त्यांच्या हाताची मूठ वळलेली होती.

"सर, पोरांनी कॉपी केलेली नाही," मी आत जाऊन म्हणालो. "मीच असं शिकवलंय."

"असं कोणी शिकवेल का?" सर हसले. "पोरांना वाचवायला आईबाप काहीही सांगतात. हा मार्कर घ्या. सोडवून दाखवा."

मी फळ्यापाशी गेलो. मागे घाम पुसणारे पालक, रडवेली पोरं. मी लिहिलं: जुना वायू उरला अर्धा मोल, नवा झाला एक मोल. आणि नेमका तिथेच डोक्यात उजेड पडला! दोन लिटर! भागायला हवं! उत्तर एक!

हात शिवशिवला. एका भागाकारात माझी बीएस्सी मला परत मिळत होती. तेवढ्यात मागून सायली पुटपुटली, "पप्पा, प्लीज, आता बरोबर काढू नका."

एकचा वर्ग भागिले अर्धा. मी लिहिलं, दोन. खाली दुहेरी रेघ ओढली.

सरांनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला. "मुलं निर्दोष आहेत," ते म्हणाले. "उद्या चौघांची पुन्हा परीक्षा घेतो. तोवर त्यांना ह्यांच्यापासून लांब ठेवा."

अहिरेंनी तेजसला दंडाला धरून नेलं, माझ्यापासून चार हात लांबून. सायली दार लावून मोबाइलवर शिकली, परीक्षेत वर आली आणि सरांच्या हाताखाली गेली.

त्या दिवशी परत येताना गाडीवर मी तिला सांगितलं, "अगं, मला फळ्यापाशीच कळलं होतं. तुझ्यासाठी मुद्दाम चुकलो."

"हो, पप्पा," ती मागून म्हणाली. दवाखान्यात पेशंटला 'आज बरे दिसताय' म्हणतात ना, त्या आवाजात.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मुद्दाम चुकायला आधी येत असावं लागतं."

जन्मात एकदाच मला ते गणित बरोबर आलं होतं हो! आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे, तर साक्षीदारांसमोर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चुकीचं उत्तर!