मामीच्या थापा

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचायचो, हे आधीच कबूल करतो. माळशेज घाटातून मी पिकअप घेऊन कितीदा गेलोय त्याची गणती नाही... पांढऱ्या साडीतली बाई एकदाही आडवी आली नाही. पंक्चर मात्र चारदा आडवं आलं. त्यामुळे आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर मित्र टिंगल करणार, करू देत. पण जे झालं ते सकाळी अकराच्या उन्हात, भरल्या मैदानात झालं, आणि मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

मी निमगाव सावाचा. पिकअपवर टोमॅटो-कांद्याची भाडी मारतो. ट्रक चालवायला हेवीचं लायसन्स वेगळं लागतं. ते मी यंदा काढलं, पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक दिवसही न शिकता. मला ट्रक शिकवला माझ्या मामीने. आणि मामी स्वतः जन्मात एकदाही स्टेअरिंगवर बसलेली नाही.

नीट सांगतो. माझं आजोळ मढ, माळशेज घाटाच्या वरच्या तोंडाशी. मामाचा स्वतःचा ट्रक होता. कांदा भरून घाट उतरायचा, कल्याणला माल टाकून परत यायचं. क्लीनर काही टिकेना, म्हणून मुलगी आश्रमशाळेत गेल्यावर मामीच डाव्या सीटवर बसायला लागली. पदर खोचून ताडपत्रीच्या दोऱ्या आवळणारी, टायर ठोकून हवा ओळखणारी बाई आमच्या पट्ट्यात दुसरी नसेल. अकरा वर्षं तिने हे काम केलं.

ट्रक मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून बॉडीवर थापा मारतो, हे तुम्ही पाहिलं असेल. सगळीकडे दोन थापा म्हणजे ‘येऊ दे’ आणि एक थाप म्हणजे ‘थांब’. मामीचं बरोबर उलटं. एक थाप — ये. दोन थापा — थांब. मी कारण विचारलं तर म्हणाली, “तुझ्या मामाला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, इंजानाच्या आवाजानं. ‘ये’ची थाप नाय ऐकू आली तर गाडी हुभी ऱ्हाईल, काय बिघाडत न्हाई. थांबायची नाय ऐकू आली तर? म्हून थांबाया दोन.”



मामा तीन वर्षांपूर्वी गेला. ट्रक अंगणात उभा राहिला. मामी रोज सकाळी त्याची पुढची काच पुसायची. कोणी विकायचं नाव काढलं की त्याला दुसरा चहा मिळत नसे. शेवटी मीच म्हटलं, मामी, मी चालवतो. भातं निघाल्यावर घरामागच्या माळावर आमची शिकवणी सुरू झाली.

गिअर शिकवताना ती शेजारी डोळे मिटून बसायची. “आवाज ऐक. इंजान कण्हाया लागलं का गेर खाली घे.” मागे घ्यायचं शिकवताना खाली उतरून मागे जायची आणि थापा मारायची. डाव्या बाजूचा आरसा कधीच फुटलेला, उजव्याला तडा. नवे बसवू का विचारलं तर म्हणाली, “आरसा लबाड आसतो. तू कान उघडं ठेव.” मी ऐकलं. सगळे लोक ट्रक डोळ्यांनी मागे घेतात, मी कानांनी शिकलो. ही चूक पुढे चांगलीच अंगलट आली.

नियमाने स्कूलचा दाखला लागतो. एका ओळखीच्या स्कूलवाल्याने माझ्याकडून ट्रक चालवून घेतला, “तुला शिकवायचं काय राहिलंय राव,” म्हणाला आणि कागद दिला. ते बरोबर की चूक, यावर इथे वाद नको.

टेस्टला नऊ दिवस राहिले आणि मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो, आणि डोळे. ते तर आधीपेक्षा जास्त चालतात.

पहिल्या टेस्टला मी रिव्हर्समध्ये कडेला रोवलेला एक बांबू पाडला. दुसऱ्या टेस्टला दोन पाडले. तोवर नवे आरसे बसवले होते, पण मागे जायचं म्हटलं की माझी मान खिडकीबाहेर आणि कान मागे! टेस्टमध्ये क्लीनरला मैदानात सोडत नाहीत. थापच नाही, तर क्लच कधी सोडायचा तेच कळायचं नाही. पिकअप डोळे झाकून चालवणारा मी, मला स्वतःची लाज वाटायला लागली.

मामीची मुलगी सुनंदाताई आईला बघायला मढलाच येऊन राहिली होती, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजीही. दाजी माणूस वाईट नाही, पण दवाखान्याच्या फेऱ्यांनी वैतागलेला. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा तो मामीच्या खाटेजवळच म्हणाला, “सुभाष, आता ह्या येळंला नाय झालं तर सोमवारी भंगारवाला येतोय. मी सांगून ठिवलंय त्याला.” मामीला सगळं ऐकू जात होतं. ती दाजीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. 

तिसरी टेस्ट शुक्रवारी. माझा दोस्त दत्ता शिनोलीचा, त्याच्याकडे हेवीचं लायसन्स आहे, तो बरोबर आला. मैदानाबाहेर कुंपणापाशी तो मोबाइल धरून उभा राहिला. टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब बाजूला छत्री घेऊन. सरळ चालवणं, चढावर थांबवणं सगळं झालं. मग रिव्हर्स. बांबूंच्या दोन रांगांमधून मागे नेऊन टोकाला चुन्याच्या रेघेवर थांबायचं.

मी रिव्हर्स गिअर टाकला. आरशात बघितलं. काही समजेना. मनात म्हटलं, मामी, झालं सगळं... गेला ट्रक.

आणि मागून थाप आली.

एकच. पंज्याने मारलेली, भरीव. मी विचारही केला नाही, क्लच सोडला. पुन्हा एक. पुन्हा एक. डावीकडे वळवायचं तर मामी डाव्या कोपऱ्यावर थाप मारायची, तशी डाव्या कोपऱ्यावर एक. मी स्टेअरिंग फिरवलं. मग मधोमध एक... एक... आणि मग दोन, लागोपाठ.

मी ब्रेक दाबला. ट्रक थांबला.

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, डोक्यात बसलेला आवाज होता. पण त्यानंतर आणखी एक आवाज आला. मागच्या फाळक्यापासून, म्हणजे माल उतरवायला उघडतो त्या झडपेपासून पुढे, माझ्या बाजूने, बॉडीवरून कोणीतरी हात फिरवत येत होतं. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, सावकाश. तो आवाज माझ्या दारापर्यंत आला आणि थांबला. मी खिडकीतून खाली वाकून बघितलं. नुसती माती होती.

साहेब चालत आले. मागची चाकं बरोबर रेघेवर होती.

“आरशात बघत नव्हतास तू,” ते म्हणाले. “कुठल्या स्कूलला शिकलास?”

तोंडातून निघून गेलं, “मामीकडं, साहेब.”

त्यांनी कागदावर सही केली.

दत्ताला मिठी मारायच्या आधी मी विचारलं, मागे कोण होतं? तो म्हणाला, “कुणीच नव्हतं. फाळक्याची साखळी आपटली आसंल.” व्हिडिओ लावून बघितला. मागे माणूस नाही. आवाजही नाही, नुसतं इंजिन. पण ट्रक जिथे जिथे हलतो आणि वळतो ते बघून दत्ताने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. साखळी मी नंतर सैल करून, आवळून, सगळ्या तऱ्हेने वाजवून बघितली. ती खणखणते, पंज्यासारखी वाजत नाही. बरं, कोणी लपून चेष्टा केली म्हणावं, तर त्याने जगाच्या रीतीने दोन थापा मारून ‘ये’ म्हटलं असतं आणि मी जागेवरच थांबलो असतो. एक म्हणजे ये, हे मामी, मामा आणि मी सोडून कोणाला माहीत? इथे वाचणारे म्हणतील मीच थापा मारतोय. म्हणा. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं.

दुपारी मढला पोचलो. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा मामीच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दाजीने माझ्यासमोरच भंगारवाल्याला फोन करून ‘येऊ नको’ सांगितलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी खाटेच्या कडेवरच बसलो. सुनंदाताई म्हणाली, अकराच्या सुमाराला आई गाढ झोपली व्हती, मी तिथंच भाजी निवडत व्हते.

मग मी मामीला सगळं सांगितलं. खाटेच्या लाकडावर थापा वाजवून दाखवल्या. ती ऐकत होती, तोंडाच्या चांगल्या बाजूने हसतही होती. मी म्हटलं, “मामी, तुमी व्हता ना?” तिने नाही म्हणून मान हलवली. कौतुकाने, पोराची समजूत घालावी तशी.

मग मी तो शेवटचा आवाज करून दाखवला. लाकडावरून हात फिरवत आणला, सावकाश, तिच्या उशीपर्यंत.

मामीचं हसू गेलं. डाव्या हाताने तिने माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. ओठ हलायला लागले. “त्... त्...” एवढंच येई. सुनंदाताई घाबरली. “आई, पानी पायजे? गोळी?” नाही. मग ती हळूच म्हणाली, “आई... बाबा का?”

मामीने नाही म्हणून मान हलवली. अगदी स्पष्ट, दोनदा. आणि पुन्हा माझ्याकडे बघून “त्... त्...”

तो हात मामीने ओळखला होता, पण तो तिचा नव्हता, मामाचाही नव्हता. मग अकरा वर्षं त्या ट्रकबरोबर तिसरं कोण होतं? मी कोणाचं ऐकून मागे आलो? ट्रक आता मीच चालवतो, पण अजून एकट्याने मागे घेत नाही, दत्ताला उभा करतो. डॉक्टर म्हणतात मामीची वाचा सुधारतेय, दोन-तीन शब्द येऊ लागलेत, दिवाळीपर्यंत बोलेल. घरात सगळे त्या दिवसाची वाट बघताहेत. मीही बघतोय असं सगळ्यांना सांगतो... पण खरं सांगायचं तर मला त्या दिवसाची भीती वाटते.