सबसिडीचं ऊन

सरकार काही देत असेल तर ते सोडायचं नाही, हे माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, एकमेव तत्त्वज्ञान. गुंजवण्याची आमची भातखाचरं धरणात गेली, तेव्हापासून ते प्रत्येक सरकारी योजना थकबाकी वसूल केल्यासारखी घेतात. घरात कुणालाही शिवता येत नाही, पण योजनेतलं शिलाई मशीन आहे.

त्यामुळे सारोळ्याहून सोलरचा एजंट आला, तेव्हा त्याला फार बोलावंच लागलं नाही. सोलर हवं होतं ते खरं तर आईसाठी. तिला दमा आहे. धाप लागली की वाफेचं मशीन लावावं लागतं, आणि आमच्याकडे वारा जरा जोरात सुटला तरी लाईट जाते. एजंट म्हणाला, बिगरबॅटरीचं घेतलं तर सबसिडी, उरलेल्याला बँकेचं कर्ज, हप्ता बिलाएवढाच. बॅटरी हवी तर तिचे पैसे वेगळे, रोख, सबसिडी नाही.

"बॅटरी कशाला?" आबा म्हणाले. "ऊन काय लाईटीवर येतंय व्हय?"

एवढ्या बिनतोड मुद्द्यापुढे आम्ही शिकलेली माणसं गप्प बसलो. एजंटही गप्प बसला, पण त्याला कमिशन होतं. आम्ही फुकट बसलो.

सबसिडी खात्यात आली तेव्हा आबांनी पेढे वाटले. पहिलं बिल नावापुरतं आलं, ते त्यांनी देवळाच्या पारावर नेऊन सगळ्यांना दाखवलं. बँकेच्या हप्त्याचा विषय मात्र पारापर्यंत गेला नाही.

मग वळवाच्या वाऱ्यात विजेचा खांब पडला. दुसऱ्या दिवशी लखलखीत ऊन, स्लॅबवर पॅनल झळकतायत आणि खाली पंखाही फिरेना. आईला धाप लागली होती. एजंटाला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, लाईन बंद असली की सोलरही आपोआप बंद होतं, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. वायरमनची एवढी काळजी घेतलेली ऐकून बरं वाटलं. फक्त वायरमन अजून आलाच नव्हता, आणि माझ्या आईला श्वास घेता येत नव्हता.

तिला उचलून शेजारच्या काकींकडे नेलं. त्यांच्याकडे साधा बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. तो त्यांनी रोखीनं घेतला तेव्हा आबांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आईचे ओठ निळे पडले होते. मी इतका घाबरलो होतो की मशीनची पिन मला प्लगात घालता येईना. काकींनी घातली. आबा दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

आईची धाप कमी झाल्यावर ते मला घेऊन भोरला निघाले. दुकानदारानं इन्व्हर्टर आणि बॅटरी दाखवली आणि सवयीनं विचारलं, "बाबा, किती कमी करू, बोला."

आबांनी पिशवीतले पैसे न मोजता गल्ल्यावर ठेवले.

"ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आदी टेम्पोत चढीव."