वाचून दाखवला, समजला

तापीच्या काठाला दोरांनी बांधलेली ती हिरव्या छताची बोट आजही डोळ्यांपुढे येते. तिच्यावर आम्ही धाड टाकली तेव्हा माझ्या निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली होती, आणि माणसं आपल्याला ओळखता येतात अशी माझी पक्की समजूत झालेली होती. या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. जळगाव जिल्ह्यात तापीकाठचं एक ठाणं, मी तिथला निरीक्षक, आणि ठाण्यापासून जीपने अर्ध्या तासावर एक रिसॉर्ट, एवढं पुरे.

ते रिसॉर्ट कसं वाढत गेलं हे मला पुढे चौकशीत कळलं, पण आधी सांगितलेलं बरं. मुळात तिथे एका शेतकऱ्याचं नदीकाठचं वावर होतं. साठीतले गृहस्थ, लोक त्यांना आबा म्हणत. हिवाळ्यात आबा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत करायचे आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर बाभळीखाली पंगत वाढायचे. आधी गावातले लोक यायचे, मग जळगावहून, मग धुळ्याहून गाड्या यायला लागल्या. अशाच एका गाडीतून रस्त्यांची कामं घेणारा धुळ्याचा एक ठेकेदार आला. त्याला सगळे शेठ म्हणत. शेठला भरीत आवडलं आणि जागा त्याहून जास्त आवडली.

पहिल्या वर्षी पत्र्याची शेड झाली. दुसऱ्या वर्षी कृषी पर्यटन केंद्राचा फलक लागला. ती परवानगी शेतकऱ्याच्या नावानेच मिळते, म्हणून अर्ज आबांच्या नावाने गेला. मग खोल्या झाल्या, पोहण्याचा तलाव झाला, दारूचा परवाना आला, पत्त्यांच्या क्लबचा परवाना आला. प्रत्येक कागदावर मालक म्हणून आबाच. शेवटी पिंपांवर तरंगणारी मोठी बोट आली. आत हिरव्या कापडाची टेबलं, प्लास्टिकची नाणी, फिरणारं चाक. गोव्याला जायची गरज नाही, असं लोक एकमेकांना सांगायचे. ती बोट पाण्यात ठेवण्यात एक हुशारी होती. पोलीस दिसले की दोर ओढून ती पलीकडच्या काठाला न्यायची. पलीकडची हद्द दुसऱ्या ठाण्याची होती.

एवढं सगळं उभं राहिलं तरी आबा स्वयंपाकघरातच होते. शेठबरोबर त्यांचा एक नोंदणी केलेला विकसन करार झाला होता. आबा त्याला भागीदारीचा कागद समजत होते.

मी त्या ठाण्यात रुजू झालो तेव्हा टेबलावर आबांच्या तडीपारीचा प्रस्ताव तयार होता. आधीच्या अधिकाऱ्याने तो केला होता. जुगाराच्या दोन गुन्ह्यांत शिक्षा, दोन्ही वेळा गुन्हा कबूल, सराईत इसम, दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार करावं, असा मजकूर होता. कागदावरून माझ्यासमोर एक निबर जुगारअड्डेवाला उभा राहिला. तिसरा गुन्हा झाला की प्रस्ताव भक्कम होईल, असं माझ्या हवालदाराने सांगितलं.

तिसरा गुन्हा लगेच मिळाला. एका सकाळी अकराच्या सुमारास ठाण्याच्या फोनवर खबर आली की हिरव्या छताच्या बोटीवर पैसे लावून खेळ सुरू आहे, दुपारी माल सापडेल. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली. मी पंच बरोबर घेतले, दोन जीप काढल्या आणि भर दुपारी पोचलो.

बोट काठालाच होती. दोर कोणी ओढला नाही. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात फाटकापाशीच उभा होता. आत वीसएक माणसं टेबलांवर हात ठेवून बसली होती, कोणी पळालं नाही. धाडीत माणूस पळतो, खिडकी उघडतो, निदान आवाज चढवतो. इथे सगळं शाळेच्या तपासणीसारखं चाललं होतं. ते मला खटकलं, पण पंचनाम्याच्या गडबडीत मी ते बाजूला ठेवलं.

मालक कुठे आहे विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "स्वयंपाकघरात आहेत, साहेब. बोलावू का?"

मी स्वतःच गेलो. आबा भाजलेल्या वांग्यांची सालं काढत बसले होते. मला पाहून त्यांनी परातीवर फडकं टाकलं, शेजारच्या बाईला मीठ किती घालायचं ते सांगितलं, हात धुतले आणि खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. पिशवीत एक धोतरजोडी, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. अटकेची पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते न सांगता जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या खोलीत बसवून विचारपूस केली. बोटीवर जप्त केलेलं एक प्लास्टिकचं नाणं समोर ठेवलं. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि कोटाचं बटन आहे का, असं विचारलं. ते नाटक नव्हतं. गल्ला कोण मोजतो, चाक कोणी आणलं, दोर ओढणारी माणसं कोणाची, यातलं त्यांना काहीच सांगता येईना. तरीही मालक कोण म्हटलं की ते ताठ व्हायचे.

"मी मालक शे," ते म्हणाले. "वावर मन्हं शे, मंग मालक मीच ना, साहेब?"

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. शेठने त्यांना बजावलं होतं की पोलीस आले की मालक आपणच म्हणायचं, कोर्टात कबूल करायचं, संध्याकाळी घरी यायचं. मालक नाही असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी वावराचा कागद मोडेल. आबांनी दोनदा कबुली दिली होती ती वावरासाठी.

खटकलेली गोष्ट तेव्हा मला पुन्हा आठवली. मी जुन्या स्टेशन डायऱ्या काढायला लावल्या. आधीच्या दोन्ही धाडींच्या आधी सकाळी फोन आला होता, आणि दोन्ही नोंदींत तेच शब्द होते, हिरव्या छताची बोट, दुपारी माल सापडेल. तिन्ही दिवशी शेठ जिल्ह्याबाहेर होता. सायबर शाखेकडून फोनची माहिती मागवली. तिन्ही वेळा फोन करणारा क्रमांक एकच होता आणि तो मॅनेजरचा होता.

त्याला बोलावलं. मी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. कागद समोर ठेवला, चहा मागवला आणि अर्धा तास त्याला एकटं सोडून बाहेर जाऊन बसलो. माझा अनुभव आहे की बोलायची तयारी करून आलेला माणूस वाट पाहण्याने सैल होतो. परत गेलो तेव्हा चहावर साय धरली होती. शेठच्या सांगण्यावरून फोन केले, हे त्याने कबूल केलं. रिसॉर्टची नवी मोठी इमारत नदीच्या तोंडावर व्हायची होती, आणि त्या जागी आबांचं स्वयंपाकघर आणि विहीर होती. आबा तेवढा तुकडा सोडायला तयार नव्हते. दोन वर्षं तडीपार झाले की जागा आपोआप मोकळी होणार होती.

म्हणजे ज्या खबरीवर आम्ही जीप पळवल्या, ती आम्हाला शेठनेच दिलेली होती. माझं ठाणं शेठच्या बांधकामातलं एक अवजार होतं. मला त्या दिवशी जो संताप आला तो पुष्कळसा स्वतःच्या अपमानाचा होता, हे आज कळतं.

मी ठरवलं की या माणसाला तडीपार होऊ द्यायचं नाही. तडीपारीच्या चौकशीत त्या माणसाचा सविस्तर जबाब घेतात, त्यावर त्याची सही किंवा अंगठा असतो आणि तो प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. तो जबाब मी लेखनिकाला सांगितला नाही, स्वतःच्या हाताने लिहिला. आबा समोर बसले होते. धरणगावला दिलेली त्यांची मुलगी दाराशी उभी होती. मी त्यांना समजावलं की मालक मालक करत बसलात तर हद्दपार व्हाल, खरं काय ते सांगा.

त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वावर मन्हं शे. जुगार त्यास्ना शे. मी फक्त रांधस."

मी धुळ्यात वाढलो. अहिराणी मला घरची आहे. वावर माझं, जुगार त्यांचा, मी फक्त स्वयंपाक करतो. एक अक्षरही कळायचं राहिलं नव्हतं. आणि मी लिहिलं, "सदर ठिकाणाशी व तेथील व्यवसायाशी माझा मालक या नात्याने कोणताही संबंध नाही. सदर ठिकाण शेठ यांच्या ताब्यात असून मी तेथे केवळ आचारी म्हणून काम करतो." जबाब कसा भक्कम दिसतो, हे मला तीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं. खाली नेहमीची ओळ लिहिली, जबाब मला वाचून दाखवला, तो समजला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचलं मी भराभर, जसं नेहमी वाचतो तसं. आबांनी अंगठा दिला.

प्रस्ताव रद्द झाला. आबांना गुन्ह्यातून वगळलं आणि शेठ व मॅनेजरवर दोषारोपपत्र गेलं. दोघांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि दुपारी जेवायला घरी गेले. जुगाराच्या गुन्ह्याला त्याहून मोठी शिक्षा सहसा होत नाही. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. आबांच्या मुलीने ठाण्यात येऊन माझ्या पायाला हात लावला. थोड्या दिवसांनी माझी बदली बोदवडकडे झाली.

तिथे असताना दिवाणी कोर्टाचं समन्स आलं. मधल्या काळात शेठने विकसन करार दाखवून सगळं वावर आपलंच असल्याचं म्हटलं होतं आणि आबांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं. करार फसवून केला, जमीन आमची आहे, असा दावा आबांनी मुलीच्या मदतीने लावला होता. मला वाटलं, आबांनी बोलावलं असेल. समन्स शेठच्या वकिलाने काढलेलं होतं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शेठच्या वकिलांनी माझ्या हातात तो जबाब दिला. अक्षर माझं आहे का? हो. अंगठा तुमच्यासमोर घेतला? हो. मग त्यांनी सावकाश वाचून दाखवलं, सदर ठिकाणाशी माझा मालक या नात्याने कोणताही संबंध नाही. आबा मागच्या बाकावर मुलीशेजारी बसले होते. मान पुढे काढून ते ऐकत होते.

आबांच्या तरुण वकिलाने मला उलटतपासात विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते अहिराणीत काय म्हणाले होते ते शब्दशः सांगितलं, आणि माझ्या लिहिण्याचा रोख जुगाराकडे होता, जमिनीकडे नव्हता, हेही सांगितलं. शेठच्या वकिलांनी परवानगी घेऊन मला पुन्हा दोन प्रश्न विचारले. ते अहिराणी शब्द या कागदावर कुठे आहेत का? नाहीत. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचून दाखवला, तो समजला, असं तुम्ही लिहिलंय. हे खरं की खोटं?"

आबांना तो जबाब समजला नव्हता. ठिकाण म्हणजे आपलं वावर, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. पण खोटं म्हणालो असतो तर मी खोटा जबाब नोंदवला असं झालं असतं. खात्याची चौकशी आली असती. माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो जबाबांच्या तळाशी हीच ओळ होती. एवढं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं.

मी म्हणालो, "खरं आहे."

दावा पुढे फेटाळला गेला. निकालात इतरही कारणं होती, पण आबांचं स्वतःचं कथन म्हणून तो जबाब होता आणि माझी साक्षही होती.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी त्यांना टाळून जीपकडे निघालो होतो. ते मागून आले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब," ते म्हणाले, "मी काय बोलनू व्हतू ते तुमले याद शे. आत्ते तुम्ही बठ्ठं बराबर सांगं. मंग तधळ लिखं का नही?"

तेव्हाच का लिहिलं नाहीत, एवढंच ते विचारत होते. मुलीने त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता त्यांना बसस्टँडकडे घेऊन गेली.

आता तिथे नदीच्या तोंडावर चार मजली हॉटेल आहे. बोट काढली, पण त्याने कोणाचं काही अडलेलं नाही. आबा शेवटी धरणगावला मुलीकडे राहिले आणि तिथेच गेले. मला ते तीन महिन्यांनी कळलं.

निवृत्तीनंतर प्रशिक्षणार्थी फौजदारांपुढे बोलायला मला कधीमधी बोलावतात. मी त्यांना सांगतो की माणूस ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत त्याचं निदान कळीचं वाक्य लिहा, आणि समजला असं लिहिण्याआधी त्यालाच सांगायला लावा की काय समजलं. ते वहीत टिपून घेतात. चांगला अधिकारी म्हणून टाळ्याही वाजवतात. शेठसारखी माणसं कायदा वापरून घेतात, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. मला या प्रकरणाने शिकवलं ते माझ्याबद्दलचं आहे, आणि ते मी त्या पोरांना अजून सांगितलेलं नाही. खरं बोललो असतो तर आबांचं वावर राहिलं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित गेलंही असतं. पण आबांनी माझ्यासमोर खरं सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यासमोर शपथेवर खोटं बोललो.