घड्याळवाला

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहाचा कप उचलून तिथून उठणारा मी माणूस. लोणखेड्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, राहतो म्हसावदला. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण नाही लिहिलं तर कृतघ्नपणा होईल.

मला एक नाद आहे. मोजपट्टीच्या पोलादी पात्या पीव्हीसी पाईपवर बसवून मी अँटेना बनवलाय. तो हातात धरून गच्चीवरून जुन्या हवामान उपग्रहांचा सिग्नल पकडायचा आणि लॅपटॉपवर ढगांचा फोटो उमटवायचा. शेजारचे दगाकाका म्हणतात, "सर आकाशले झाडू मारी ऱ्हायनात!" म्हणोत बापडे.

त्यातला एक उपग्रह फारच म्हातारा. रोज सकाळी वरून जायचा. रिसीव्हरमधून त्याचा आवाज यायचा — टिक-टॉक, टिक-टॉक, सेकंदाला दोन ठोके. माझी आई खाटेवर बसून ऐकायची. तिला हल्ली विसरायला होतं, कधी कधी माझं नावही आठवत नाही. पण सकाळ झाली की आमच्या अहिराणीत विचारायची, "घड्याळवाला उना का रे?" म्हणजे, आला का?

"उना, माय," मी म्हणायचो. मग ती मांडीवर बोटांनी ठेका धरायची.

पुढे तो उपग्रह कायमचा बंद केला गेला. आई मात्र रोज विचारायची. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "माय, तो आते येवाव नही. संपना तो." ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खरं बोललो याचंच मला तेव्हा समाधान होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर रिसीव्हर चालू करून नवी केबल तपासत होतो. खालून बायको ओरडली, "अहो, माय घरमा नही शे!"

तसाच धावलो. देऊळ, बस स्टँड, बाजार, मावसबहिणीचं घर... दोन तास गेले. दसरा होऊन गेलेला, ऊन भाजून काढत होतं. त्यात आमच्याकडे उभ्या उसात बिबट्या असतो, हे लहान पोरालाही माहीत. मी घाबरलो होतो. शेवटी शिवारात कुठे दिसते का पाहावं म्हणून गच्चीवर चढलो.

रिसीव्हर चालूच राहिला होता. आणि त्यातून आवाज येत होता — टिक-टॉक, टिक-टॉक.

मी सवयीने अँटेना उचलून आभाळाकडे धरला, तर आवाज गेला. खाली आणला, तर परत आला. गोल फिरलो. सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरामागच्या उसाच्या दिशेने येत होता, थेट जमिनीवरून. खरा उपग्रह येताना-जाताना त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, रिसीव्हर सारखा जुळवावा लागतो. ही जागची हलत नव्हती...

विचार करायला वेळ नव्हता. अँटेना नि रिसीव्हर घेऊन उसात शिरलो. दगाकाका मागून काठी घेऊन ओरडत आले, "ऊसमा एकला नको जाऊ, बिबट्या शे!" दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस, चार हातांपुढचं दिसत नव्हतं. आवाज वाढेल तिकडे वळत गेलो.

बंद पडलेल्या बोअरपाशी आई बसली होती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. हातात एक दगड, आणि त्याने ती बोअरच्या लोखंडी पाईपवर ठोकत होती. सेकंदाला दोन ठोके. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी.

"घड्याळवाला वाट चुकना व्हई," ती म्हणाली. "इतला येळ मी त्याले बलाई ऱ्हायनी. भुक्या व्हई तो."

मी तिचा हात धरला. दगड खाली पडला... आणि रिसीव्हरमधली टिकटिक थांबली. नुसती खरखर उरली.

दगाकाकांनी नि मी तिला उचलून आणलं. आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. काखेत कळसा नि गावाला वळसा... आम्ही सगळं गाव पालथं घातलं होतं आणि ती घराच्या मागेच होती.

कॉलेजातले मित्र म्हणतात, कुंपणात वीज सोडणारं झटका मशीन असेल, त्याचीही रेडिओत टिकटिक येते. पण तेव्हा लाईट नव्हती, आणि आमच्या बाजूला झटका मशीन कुणाकडेच नाही. शिवाय पाईपवरचे ठोके रेडिओला ऐकू येत नाहीत, हे मीच पोरांना शिकवतो. उत्तर मला आजही सापडलेलं नाही. खरं सांगू? फार शोधतही नाही. माझी आई मला परत मिळाली, आणि ज्याने कुणी ती दिली त्याला माझा रोजचा नमस्कार आहे.

आई आता बरी आहे. मी अजूनही सकाळी अँटेना घेऊन तिच्याजवळ बसतो. रिसीव्हरमध्ये फक्त खरखर असते.

"घड्याळवाला उना का रे?"

ज्याने माझी माय शोधून दिली, तो संपला असं तिला कुठल्या तोंडाने सांगू?

"उना, माय," मी म्हणतो. आणि तिच्या मांडीवर बोटांनी ठेका धरतो.