सासऱ्यांच्या गाडीचा बोल्ट

बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोला आणि आमच्या तान्ह्या मुलीला आणायला मी सोनईला गेलो, ते बहात्तरच्या आसपासचं वर्ष असावं. मी तेव्हा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात, वर्कशॉपमध्ये फिटर होतो. गंजून बसलेले नट, झिजलेले आटे, तुटलेले बोल्ट यांच्याशी माझी रोजची झटापट. सासुरवाडीत मात्र त्या दिवशी माझ्या या विद्येला कुणी विचारलं नाही.

सासऱ्यांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. नात पहिल्यांदा स्वतःच्या घरी जाईल ती यष्टीचे धक्के खात नाही, तर आजोबाच्या गाडीतून, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. गाडीच्या अंगात पाणी ठरत नव्हतं, ही त्यातली अडचण. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवणारा पंप गळत होता. त्या वर्षी विहिरींनी तळ गाठलेला. लांबून आणलेल्या घागरी गाडीत ओतलेल्या बघून सासूबाई जळफळायच्या. "मानसाला प्यायला न्हाई, आन् ही बया घटाघटा पितीय!"

मी सकाळी पोचलो तेव्हा सासऱ्यांनी पंप गाडीतून काढून ओसरीवर पोतं अंथरून त्यावर ठेवला होता. मागचं झाकण खोलायचं, आतलं वायसर बदलायचं, पुन्हा बसवायचं. दुपारच्या आत होणारं काम. झाकणाचे बाकीचे बोल्ट निघाले होते. एक अडून बसला होता. करंगळीहून बारीक. सासऱ्यांनी जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली.

"मामा, जरा थांबा. आधी गरम करून बघू."

"पाव्हणं, तुमी बसा. आगं, पाव्हण्यांना च्या आना."

चहा आला आणि बोल्ट तुटला, दोन्ही एकदमच. कट् असा बारीक आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यात राहिलं आणि उरलेला तुकडा पंपाच्या कानात, म्हणजे बोल्ट बसतो त्या बाहेर आलेल्या भागात, अगदी काठोकाठ. चिमटीत धरायला नखाएवढीही जागा नाही.

मी कप खाली ठेवून उठलो. सासऱ्यांनी हात आडवा धरला. "कापडं खराब हुतील. बसा."

बायको आतून मुलीला थोपटत बाहेर आली आणि वडलांना म्हणाली, "दादा, त्यांना द्या की. त्यांचं रोजचंच काम हाय ते."

"म्हनूनच. रोज करत्यात ते हितं आल्यावर बी करायचं? लोक काय म्हंतील? जावयाला कामाला लावला म्हंतील."

मी धुतलेल्या कपड्यांत खुर्चीवर बसलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पंपाचे हाल सुरू झाले. आधी छिन्नी लावून हातोडीने तुकडा फिरवायचा प्रयत्न झाला. तुकडा हलला नाही, फक्त त्याचं तोंड चेमटलं. मग सुताराकडून गिरमिट आलं. लाकडाचं गिरमिट लोखंडाला! ते बोथट झालं, आणि सुतार ओसरीवर उभा राहून सासऱ्यांकडे नुसता बघत राहिला. शेवटी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडून हाताने फिरवायचं ड्रिल आलं.

"मामा, पंच मारून मधोमध खळगा करून घ्या," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "बोल्ट पोलादी आहे, पंप ॲल्युमिनियमचा. ड्रिल कडक सोडून मऊ धातूत घुसेल."

"व्हय व्हय," सासरे म्हणाले. "पाव्हण्यांना भजी आना गरम."

ड्रिल घसरलं. मऊ धातूत घुसलं. सासऱ्यांनी ते ओढून काढलं, पुन्हा तिरकं लावलं आणि दाबलं. ड्रिलची पात बोल्टच्या आतच तुटली. आता बोल्टमध्ये ड्रिल, आणि ड्रिल बोल्टहून कडक. त्यात दुसरं कुठलंच ड्रिल शिरणार नव्हतं. माझ्या हातात भज्यांची ताटली तशीच होती. कारखान्यात एखाद्या हेल्परनं असं केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपबाहेर काढला असता. इथे मी मान डोलावून "होतं असं कधी कधी" म्हणालो.

सासऱ्यांनी हातोडी अंगणात भिरकावली. कोंबड्या उधळल्या. कुणाशी न बोलता ते पायात वहाणा सरकवून मळ्याकडे निघून गेले.

ते दिसेनासे होताच सासूबाई दारात आल्या. "आता काय बी करा, पर उद्या ती गाडी घागरी पिनार असंल तर मी तिला आत येऊ देनार न्हाई."

मी सदरा काढला. पंप चुलीवर तापवला, तुकड्यावर रॉकेल सोडलं, थंड होऊ दिला, पुन्हा तापवला. तिरक्या भोकाच्या कडेला बारीक पंच टेकवून हलक्या हाताने ठोकत राहिलो. बऱ्याच वेळानं तुकडा केसभर सरकला. बायको शेजारी बसली होती, तिला म्हटलं, "आला बघ." आणखी एक ठोका मारला. कान पंपापासून तडकून हातात आला. बोल्टसकट.

ज्या कानात सासऱ्यांनी दुसरं भोक पाडून ठेवलं होतं, तो टिकणार नाही हे मला कळलं नव्हतं, की कळत असून राग हातात उतरला, कोण जाणे. संध्याकाळी सासरे आले. त्यांनी पंप उचलला, फिरवून पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"तुमच्याच्यानं बी न्हाई झालं म्हना की!"

दुसऱ्या दिवशी आम्ही यष्टीनेच निघालो. नगरला जुन्या सामानाच्या दुकानात दुसरा पंप बघतो म्हणून सासरेही आमच्याबरोबर आले. नात मांडीवर, मोडका पंप पिशवीत, पायाशी. सोनई मागे पडल्यावर त्यांनी सहज विचारलं, "कारखान्यात आसला बोल्ट कसा काढता तुमी?"

मी सगळं सांगितलं. तापवायचं कसं, मध्य कसा धरायचा, आणि काहीच चाललं नाही तर तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंगने जोडायचा आणि पान्याने सरळ फिरवून काढायचा. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मधूनमधून प्रश्नही विचारले. मग म्हणाले, "येवढं ठावं हुतं तर काल का न्हाई बोलला, पाव्हणं?"

बायकोनं पदर तोंडाला लावला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला मात्र हसू आलं नाही. नगर येईपर्यंत मी दातावर दात धरून समोरच्या बाकाकडे बघत होतो.

पंप त्यांना मिळाला, त्याच दिवशी. पुढच्याच महिन्यात ते गाडी घेऊन आमच्या दारात आले. आले ते आमच्या शेजाऱ्यांना सांगतच, की जावई मोठे फिटर आहेत, पण आमचा पंप त्यांनी मोडला. मी आत जाऊन बायकोला म्हटलं, चहा टाक, मामा आलेत.