विहिणींनी लावलेले भाग

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणत. दिवसभर उभ्यानं काम, म्हणून घरातला जास्तीचा मोबाइल समोर टेकवून त्या एक जुनी मालिका बघत. लॉज चालवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट होती. त्यात सासू-सासरे, दोन मुलगे, दोन सुना.

पण कोणा भल्या माणसानं ही मालिका इंटरनेटवर चढवताना भागांच्या नावांचा पार बट्ट्याबोळ केला होता. ‘सासऱ्यांचं निधन’ या भागात सासरे झकास नाश्ता करत होते. ‘धाकटीचं लग्न’ उघडावं, तर धाकटीच्या कडेवर पोर. आणि ‘शेवटचा भाग’ तर चक्क तीन होते.

एकदा विहीणबाईंचा, म्हणजे सुनेच्या आईचा फोन आला. त्या दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करत. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी दोघींचं बोलणं ‘बऱ्या आहात ना?’च्या पुढे सरकलं नव्हतं. मागून मालिकेचं गाणं ऐकू आलं, तशा विहीणबाई थबकल्या.

“अहो, तुम्हीपण बघता ही?”

“बघते कसली, चाचपडते. काल सासरे गेले, आज जिना चढताहेत.”

“माझे तर आधी वारले, मग आजारी पडले.”

दोघी पोट धरून हसल्या. मग भाग क्रमानं लावायचं कामच निघालं. “सासूचा पुढचा दात बघा,” विहीणबाई म्हणाल्या, “आहे तो भाग आधीचा, पडलाय तो नंतरचा.” काकूंची नजर कपड्यांवर. थोरल्याच्या निळ्या शर्टाची कॉलर आधी कडक, मग विरलेली, पुढे उलटवून शिवलेली. रोज दुपारी फोन होऊ लागला.

अशाच एका दुपारी सून कामावरून लवकर सुटून दुकानात आली. काकू पाठमोऱ्या, फोन स्पीकरवर.

“थोरल्या सुनेला बाहेर काढल्याशिवाय त्या घराला सुख नाही, विहीणबाई.”

“मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय,” पलीकडून तिची सख्खी आई बोलली. “दिसते गरीब, पण आतल्या गाठीची.”

सुनेचा चेहरा उतरला. घरात सून ती एकटीच. थोरली तीच, धाकटीही तीच.

“आई, माझं काय चुकलं?”

काकूंनी घाईघाईनं इस्त्री बाजूला ठेवली. “अगं बाई, तू नव्हे, ही मालिकेतली! सासूच्या औषधात पाणी घालते, बघ.”

“आणि तू गरीब कधी दिसलीस गं?” फोनमधून आई म्हणाली.

सून मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तीही बघायला लागली. प्रत्येक भागाखाली ती लिही : ‘हा शेवटचा नाही, सासूचे दात शाबूत आहेत.’ लोक आभार मानू लागले. शेवटी चढवणाऱ्याचंच उत्तर आलं : ‘नावं बदलतो. वडिलांच्या कॅसेटी होत्या, मी स्वतः मालिका पाहिलेली नाही.’

खरा शेवटचा भाग ‘ओळख’ या नावाखाली सापडला. तो बघायला विहीणबाई दुखरा गुडघा घेऊन रविवारी मुद्दाम घरी आल्या. औषधच भेसळीचं होतं, त्यात पाणी घालून थोरलीनं सासूला वाचवलं होतं. सुनेनं दोघींकडे नुसतं बघितलं. दोघी एकदमच चहा टाकायला उठल्या.

सोमवारी दुपारी सवयीनं फोन वाजला.

“आता काय बघायचं हो?” विहीणबाईंनी विचारलं.

“बघू सावकाश. तुमच्या गुडघ्याचं सांगा आधी,” काकू म्हणाल्या, आणि पुढची चादर टेबलावर पसरली.